डोळ्याच्या ओळीवरचं कुंकू

बायकोची तेरवी झाली आणि तिसऱ्या दिवशी लेकीनं तिची पत्र्याची पेटी उघडली. लुगडी नात्यातल्या बायांना वाटायची होती. पेटीच्या तळाला जुन्या खणात गुंडाळलेला एक कागद निघाला.

"बाबा, हे काय हो? पत्रिका हाये का कोनाची?"

मी हातात घेतला आणि पाहताच ओळखला. तो माझ्या तब्येतीचा दाखला होता, आम्ही त्याला डोळ्यांचा दाखला म्हणायचो. पगारावर मोटार चालवणाऱ्याला सरकारी डॉक्टर देत असे, तो. कागद पिवळा पडला आहे, घडीवर फाटला आहे, आणि मधोमध आडवा तांबडा पट्टा आहे. कुंकवाचा. तेलात कालवलेलं कुंकू असणार, म्हणून इतकी वर्षं टिकलं. हा कागद मी स्वतः चुरगाळून तिच्या अंगावर फेकला होता. ती तो चुलीत घालील असं मला वाटलं होतं. तिनं सरळ करून ठेवला.

हा पट्टा तिनं मुद्दाम ओढला की पूजेत पडला, एवढंच मला कळायला पाहिजे. दुसरं मला काही नको. जिला विचारायचं ती गेली, आणि ती होती तेव्हा विचारायचं सुचलं नाही. मी दोन बुकं शिकलेला माणूस आहे, मला लवकर काही सुचत नाही. म्हणून जे आठवतं ते लिहून काढतो आहे. लिहिताना सापडलं तर सापडलं.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. लढाई चालू होती आणि पेट्रोल मोजून मिळायचं. मी मेहकर ते सिंदखेडराजा सर्विस मोटार चालवायचो. सकाळी जायचं, दुपारी तिकडून निघायचं, वाटेत दुसरबीड, बीबी घेत दिवस मावळायच्या आत मेहकरला यायचं. मोटार मेहकरच्या एका मुसलमान व्यापाऱ्याची होती. तो मला नावानं कधी हाक मारायचा नाही, उस्ताद म्हणायचा. उस्ताद म्हटलं की माझी छाती फुगायची. शेतीवाल्याच्या घरात जन्मलो, वावर भावाकडे गेलं, माझ्या हाती फक्त ते चाक आलं. गावात डायवरला तेव्हा मान होता. लोक मोटारीला आणि मला एकाच नजरेनं पाहायचे.

आता लायसनचं सांगतो. पगारी डायवरला दर वर्षी बुलढाण्याला कचेरीत जाऊन लायसन नवं करून आणावं लागे. ही भानगड मला तेव्हाही कळली नाही आणि आजही कळत नाही. काल मी गाडी चालवत होतो. आज मुदत संपली म्हणून मला गाडी चालवता येत नाही. परवा कारकुनानं शिक्का मारला की पुन्हा येते. मग मधल्या दिवशी माझे हातपाय कुठे जातात? एकदा मी हे कारकुनाला विचारलं होतं. तो म्हणाला, "उस्ताद, माणूस रोज बदलतो. सरकारला वर्षातून एकदा सवड मिळते, म्हणून वर्षातून एकदा पाहतं." मला वाटलं तो माझी टर उडवतो आहे. आता वाटतं, तेवढा एकच माणूस माझ्याशी सरळ बोलला.

डोळ्यांचा दाखला मात्र दर वर्षी मागत नसत. एकदा डॉक्टरनं दिला की दोन-तीन वर्षं तोच चालवून घेत. कारकून उघडून पाही आणि परत देई. पहिल्यांदा दाखला मिळाला तेव्हा डॉक्टरनं मला भर दुपारी झाडाखाली उभं केलं होतं आणि लांबच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली होती. मी धडाधडा वाचली. समोरच्या चिंचेवर पोपट बसला होता तोही सांगितला. डॉक्टर हसला. मी घरी येऊन बायकोला तो कागद दाखवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे पाह्य. इथं लिवलं हाये, डोये एकदम चांगले."

तिला अक्षर येत नव्हतं. तिनंही त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाली, "इथं?"

"हाव, इथंच."

हे आज लिहिताना आठवलं. काल परवापर्यंत आठवत नव्हतं. पुढे ह्याचं काम पडणार आहे.

मग पेट्रोल आटलं आणि मालकानं मोटारीला मागे कोळशाची टाकी बसवली. कोळशाच्या गॅसवर मोटार म्हणजे दमेकरी म्हातारा. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे आणि मला शिव्या द्यायचे. "उस्ताद, तिकिटाचे पैसे आमी देतो का तुमी देता?" असं एक शेतकरी दर खेपेला विचारायचा. आधी दिवस मावळायच्या आत मेहकरला यायचो, आता सांजवेळ वाटेतच व्हायला लागली. आणि तेव्हाच मला माझ्या डोळ्यांचं कळलं. दिवसा मला सगळं दिसे, पहिल्यासारखा पोपट दिसे. दिवस बुडाला की कोणी तरी डोळ्यांवर भिजलेलं धोतर टाकावं तसं व्हायचं. रस्ता पांढरा पट्टा म्हणून दिसे, पण त्याच्यावर काय आहे ते दिसत नसे. मोटारीचे दिवे होते, पण त्यांचा उजेड समोरच्या धुळीपलीकडे जात नसे.

मी कोणाला बोललो नाही. बोलून काय करायचं? उस्ताद आंधळा झाला म्हटल्यावर मालक दुसरा उस्ताद आणील. मी रस्ता पाठ केला होता. कुठे खड्डा, कुठे वळण, कुठे नाला, सगळं अंगाला माहीत होतं. मला वाटायचं तेवढं पुरे. रस्ता पाठ होतो, पण रस्त्यावर येणारे बैल पाठ होत नाहीत, हे मला सुचलं नाही.

बायकोचं माहेर बीबी. त्या वर्षी पोळ्याला ती माहेरी गेली होती. पोळा झाल्यावर परत येताना बीबीला माझ्याच मोटारीत बसली. मी तिला माझ्या बाजूच्या सीटवर बसवलं. ती डोक्यावरून पदर ओढून, मांडीवर करंज्यांचा डबा घेऊन बसली. चारचौघांत ती माझ्याशी बोलत नसे. तेव्हा बायका बोलत नसत.

बीबी सोडली आणि दिवस बुडाला. मी पाठ केलेल्या रस्त्यानं चाललो होतो. एकदम तिनं माझं मनगट धरलं आणि ओरडली, "गाडी! गाडी!"

मी ब्रेक दाबला. मोटार थांबली तेव्हा बैलाचं शिंग मडगार्डाला टेकलं होतं. गवतानं भरलेली बैलगाडी समोरून येत होती. कंदील नव्हता तिला. गाडीवान खाली उडी मारून आला.

"आंधळा हाये का बे? एवढी गाडी दिसत नाही तुले? घराएवढी गाडी!"

"तुह्या बापाचा कंदील कुठी हाये?" मी म्हटलं. "बैल आडवे घालते आन् वरून बोलते!"

मागचे उतारू माझ्या बाजूनं उतरले. गाडीवानाला त्यांनी गप्प केलं. उस्तादानं वेळेवर मोटार थांबवली म्हणून एकानं माझी तारीफसुद्धा केली. करंज्यांचा डबा खाली पडला होता, तो बायकोनं उचलला आणि मेहकर येईपर्यंत पदराआड तशीच बसून राहिली.

घरी भाकर वाढताना ती म्हणाली, "तुमाले दिसलं नाही."

"दिसलं."

"बरं."

"बैल आडवा आला. दिसलं मले."

"बरं म्हनलं ना मी."

झालं. ह्यापुढे त्या गोष्टीवर आमचं बोलणं झालं नाही. तिला काय कळलं ते मला माहीत नाही. मी खोटं बोलतो हे तिला कळलं की बैल आडवा आला हे तिला पटलं, हे तिच्या तोंडावरून कळत नसे. तिचं तोंड भाकर थापतानाही तेच आणि मयतीलाही तेच.

दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे ज्याचं जे हत्यार असेल त्याची पूजा करतात. शेतकरी नांगर पूजतो, सुतार वाकस पूजतो. मी दर वर्षी मोटार धुऊन तिला झेंडूची माळ घालायचो, लिंबू बांधायचो. त्या दिवशी सकाळी मालकाकडे जायला निघालो तर घरात पाट मांडलेला. पाटावर तिचा विळा, खुरपं, आणि त्यांच्या मधे माझं लायसन आणि हा दाखला. दाखला घडी उघडून ठेवलेला.

"हे काय वं?"

"हत्याराची पूजा."

"कागदाची?"

ती म्हणाली, "मोटार मालकाची. पान्हे मालकाचे. भोंगाबी मालकाचाच. तुमचं म्हनावं असं हे एवढंच तर हाये."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी हसलो आणि मोटारीच्या पूजेला निघून गेलो. तिनं पूजा कशी केली ते पाहायला थांबलो नाही. थांबलो असतो तर आज हे लिहावं लागलं नसतं.

आठ-दहा दिवसांनी मुदत संपत होती. तिनं कागद रुमालात बांधून दिले, दुपारच्या भाकरीसोबत. मी चिखलीवरून बुलढाण्याला गेलो. रुमाल कचेरीत उघडला. कारकुनानं दाखल्याची घडी उलगडली आणि चष्मा वर केला.

"हा लाल शेरा कोणी मारला?"

लाल शेरा म्हणजे वाईट. कोणाच्या अंगावर मोटार घातली, कोर्टात दंड झाला, की लायसनवर लाल शाईनं लिहीत. मी म्हटलं, "साहेब, माह्यावर एक शेरा नाही आजवर."

त्यानं कागद नाकाला लावला. मग बोटानं घासून बोट पाहिलं.

"अरे, हे तर कुंकू! दाखल्याचं लग्न लावलं का रे?" शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून पाहायला आले. "आणि अंतरपाट कोणी धरला होता?"

"दसऱ्याची पूजा केली बायकोनं," मी म्हटलं.

"पूजा केली ते बरं केलं. पण हे पाहा. तुझं नाव वाचता येतं. गाव वाचता येतं. कान, छाती, हातपाय, सगळं वाचता येतं. नेमकी डोळ्यांचीच ओळ वाचता येत नाही. साहेबासमोर मी हे कसं ठेवू?"

"मागच्या वर्षी तुमीच वाचली होती."

"मागच्या वर्षीचं मला काय आठवतं? जा, दवाखान्यात जाऊन नवा दाखला आण. पाच मिनिटांचं काम आहे."

मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर एका खेड्यावर गेला होता. कंपौंडर म्हणाला, बस, येईल. मी कडुलिंबाखाली बसलो. भाकर खाल्ली. दोन वाजले, चार वाजले. मला उद्या सकाळी येतो म्हणून उठायला पाहिजे होतं. पण उद्या माझी खेप होती, आणि मुदत संपली तर खेप दुसऱ्याकडे जाणार. मी सूर्याकडे पाहत बसलो. सूर्य माझ्याकरता थांबत नव्हता.

डॉक्टरचा टांगा आला तेव्हा दिवेलागण झाली होती. तो ओसरीवर चढला आणि वरून म्हणाला, "कोण बसलंय? ये वर."

ओसरीला तीन पायऱ्या होत्या, ते मी दिवसा मोजून ठेवलं होतं. तरी मी पाय घासत चढलो. वर डॉक्टरशेजारी कंपौंडर उभा दिसला, त्याला मी रामराम घातला. मग डॉक्टर हळूच म्हणाला, "तो माझा कोट आहे. खुंटीवरचा."

कंपौंडर आतून कंदील घेऊन येत होता. डॉक्टरनं त्याला दारातच थांबवलं. मला म्हणाला, "माझ्या हातात काय आहे?"

"कागद."

"टोपी आहे. किती दिवसांपासून?"

मी हातातला रुमाल पुन्हा बांधायला लागलो.

"बायकोला माहीत आहे?"

"नाही," मी म्हटलं.

तो म्हणाला, "दुपारी आला असतास तर मी तुला पास केलं असतं. आणि तू मोटारीत माणसं बसवून चालवतोस!" रागानं नाही म्हणाला. स्वतःलाच म्हटल्यासारखं म्हणाला. ह्याला रातांधळेपणा म्हणतात, खाण्यातून होतो, खाण्यातून जातो, असं त्यानं सांगितलं. माशाच्या तेलाची बाटली दिली. शेवग्याचा पाला, पालक, जमलं तर कलेजी खा म्हणाला. "चार महिन्यांनी ये. आणि ध्यानात ठेव, संध्याकाळीच ये. दुपारी आलास तर परत पाठवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत गेलो. कारकुनानं कुंकवाचा दाखला माझ्या हातात परत दिला. "घे तुझा प्रसाद," म्हणाला. पण आता हसला नाही.

घरी येईपर्यंत माझं डोकं फिरलं होतं. मला डोळ्यांचा राग आला नाही, माझ्या खोटेपणाचा आला नाही. राग आला त्या कुंकवाचा. ती अंगणात धान पाखडत होती. शेजारच्या दोघी बसल्या होत्या. मी दाखला चुरगाळून तिच्या अंगावर फेकला.

"अडानी! कागूद कोनी पूजते का? तुह्यासारखी अडानी बाई साऱ्या वऱ्हाडात नाही! माही भाकर घातली तू मातीत!"

आणखीही बोललो. तिच्या बापाला बोललो. ते लिहीत नाही. ती सूप हातात धरून ऐकत राहिली. शेजारणी उठून गेल्या. तिनं 'चुकलं' म्हटलं नाही आणि 'मुद्दाम केलं' असंही म्हटलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "डाक्टरनं काय सांगतलं खायाले?"

मी पंधरा दिवस तिच्याशी बोललो नाही.

मालक माणूस चांगला. त्यानं मला काढलं नाही. "उस्ताद, चार महिना टिकट फाडो. आँख है तो सब है," म्हणाला. माझ्या चाकावर अकोल्याकडचा दुसरा माणूस बसला आणि मी मागे तिकिटं फाडत उभा राहिलो. जे शेतकरी मला उस्ताद म्हणत ते म्हणायचे, "काऊन उस्ताद, आज मांगं काऊन?" मी म्हणायचो, "माह्या घरच्या देवीनं लायसनची पूजा केली, म्हनून." लोक हसायचे. लोक हसले की डोळ्यांचं कोणी विचारत नसे. पहिल्यांदा ती गोष्ट मी तशी वापरली, आपलं झाकायला.

घरी ती मला शेवग्याचा पाला घालायची. भाकरीत पाला, वरणात पाला. माशाच्या तेलाचा वास तिला सोसत नव्हता. बाटली तिनं न्हाणीच्या भिंतीत ठेवली होती आणि पदर नाकाला लावून चमच्यात ओतून द्यायची. मी न बोलता प्यायचो. माघाच्या सुमाराला एके संध्याकाळी दुसरबीडच्या फाट्यावर मी तिकिटाचे पैसे मोजत होतो तर मला लांब बांधावर एक माणूस बसलेला दिसला. विडी ओढत होता. विडीचा ठिपकाच नाही, त्याचं मुंडासंसुद्धा दिसलं. मी त्या अनोळखी माणसाला मोटारीतून हात केला.

बुलढाण्याला संध्याकाळी गेलो. डॉक्टरनं तीच ओसरी, तोच कोट, तीच टोपी दाखवली. पास झालो. चाक परत मिळालं. पुढे मी म्हातारा होईपर्यंत गाडी चालवली आणि माझ्या चाकाखाली कोंबडीशिवाय काही आलं नाही.

गोष्ट मात्र मी सोडली नाही. लग्न असो, बारसं असो, चार माणसं बसली की कोणी तरी म्हणायचं, "उस्ताद, ते लायसनच्या पूजेचं सांगा ना." मी रंगवून सांगायचो. कारकून नाकाला कागद लावतो ते करून दाखवायचो. शेवटी म्हणायचो, "अशी आमची अडानी!" सगळे हसायचे, आणि ती पण तोंडाला पदर लावून हसायची. चाळीस वर्षं हसली. मुद्दाम केलं असेल तर ती काय समजून हसत होती? माझ्या डोक्यात हेच फिरतं आहे. पूजेत पडलं असेल तर मी खरंच बोलत होतो. मुद्दाम ओढलं असेल तर चाळीस वर्षं चारचौघांत अडाणी कोण ठरत होतं, आणि ती ते मला का सांगत नव्हती?

आता कागद समोर ठेवून पाहतो. हत्याराला बायका अनामिकेनं गोल टिळा लावतात. तिच्या विळ्यावर, खुरप्यावर टिळाच असायचा. कागदावर टिळा नाही. अंगठ्यानं ओढलेला पट्टा आहे, ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वर गेला नाही, खाली गेला नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण ती ओळ मीच तिला बोटानं दाखवली होती. म्हणजे मुद्दाम. इथपर्यंत मला नीट कळतं.

मग आठवतं की ती देवीला मळवट भरायची तोही असाच, अंगठ्यानं आडवा. टिळा हत्याराला, मळवट देवीला. माझे डोळे बरे राहू दे म्हणून त्या ओळीला मळवट भरला असेल तर? डोळ्यांची ओळ तिला माहीत होती तर पूजासुद्धा तिथंच करील ना? आणि डॉक्टर दिवेलागणीला येणार हे तिला कुठून माहीत असणार? तो दुपारी असता तर मी नवा दाखला घेऊन घरी आलो असतो. मग तिचं मुद्दाम केलेलं काय कामाचं?

लेकीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, आईनं देवाचं केलं असन. तुमी काऊन एवढा इचार करता?" दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "आई लय हुशार होती, बाबा." ह्यावरून काय समजायचं?

एक गोष्ट राहिली. तांब्याची.

आमच्या अंगणाच्या टोकाला न्हाणी होती. रोज दिवेलागणीला, दिवा लावायच्या आधी, ती म्हणायची, "न्हानीपाशी तांब्या राह्यला, आना बरं." रोज. मी चिडायचो. "रोज कसा राह्यते वं? हात मोडले का तुहे?" पण उठून आणायचो. तांब्या कधी भिंतीपाशी, कधी दगडावर, कधी रांजणाच्या मागे असायचा. मी आणून दिला की ती न पाहता घ्यायची आणि मग दिवा लावायची. आधी दिवा लाव म्हटलं तर म्हणायची, तेल वाया जाते. सरकार मला वर्षातून एकदा पाहायचं. ती रोज पाहत होती, आणि मला वाटायचं हिला विसरायची खोड आहे.

हे तांब्याचं कधी सुरू झालं? ते कळलं तर सगळं कळेल. डॉक्टरकडून आल्यावर सुरू झालं असेल तर ती नुसती काळजी. पोळा आणि दसरा ह्यांच्या मधे सुरू झालं असेल तर तिनं मला आधी तपासलं, खात्री केली, आणि मग अंगठा ओढला. मी रोज आठवायला बसतो. एकदा तांब्या मला दिसला नाही आणि मी त्याच्यावर पाय दिला, तो घरंगळत गेला, हे पक्कं आठवतं. पायाला चिखल लागला होता. चिखल म्हणजे पावसाळा, पावसाळा म्हणजे दसऱ्याच्या आधी. मला वाटलं सापडलं. पण न्हाणीपाशी तर बारा महिने चिखल असतो. आणि तांब्यात पाणी होतं, तेही सांडलं होतं. ती दारात उभी होती. तिच्या हातात काडेपेटी होती. ती काही म्हणाली का? म्हणाली असेल. माझं लक्ष पायाकडे होतं.

लेक परवा सासरी गेली. घरात मी एकटा. काल दिवस बुडायच्या आधी मीच तांब्या न्हाणीपाशी ठेवला, रांजणाच्या मागे, तिच्यासारखा. मग घरात येऊन बसलो. दिवा लावला नाही. अंधार पडू दिला आणि उठलो. आता वयानं डोळे पुन्हा गेले आहेत, हात पुढे धरून चालावं लागतं. तांब्या सापडला. पण तो मीच ठेवलेला, मला जागा माहीत होती, म्हणजे तो दिसला म्हणून सापडला की पाठ होता म्हणून, हे काही मला सांगता येईना. तांब्या हातात घेऊन मी दारापर्यंत आलो आणि तिथंच उभा राहिलो. घ्यायला कोणी नव्हतं.